न दिलेला चेंडू

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात शेवटच्या प्रयत्नात जिंकायला एक यार्ड पुढे सरकायला हवं होतं आणि चेंडू वाकलेल्या थॅडच्या पंजाखाली होता. गेल्या शुक्रवारी त्यानं "हट्" या हाकेआधीच चेंडू मागे उभ्या, चाल चालवणाऱ्या क्वार्टरबॅक कॉर्डेलकडे फेकला आणि सामना घालवला. आज बेत उलटा: कॉर्डेलनं मागून नुसतं ओरडायचं, थॅडनं मात्र चेंडू द्यायचाच नाही, समोरचे फसून आधी हलले की दंडाचे पाच यार्ड मिळणार. "हट्!" कॉर्डेल गरजला. त्याच हाकेवर वर्षभर उसळलेली बोटं वळवळली. "काय रे, आजपण घाई झालीय का?" समोरच्या धटिंगणानं खिजवलं. पाद्रीबाबा रविवारी चर्चमध्ये गाऊन सांगायचे, "लेकरांनो, थांबणं हीसुद्धा सेवाच!" तेच थॅड ओठांत घोळवत राहिला. "हट्! हट्!" खिजवणाराच झेपावला आणि थॅडवर आदळला. पंचांचा दंडाचा पिवळा रुमाल गवतावर पडला. "जिंकलो, गड्या! सोड आता तो चेंडू," कॉर्डेल हसला. थॅडची बोटं उघडतच नव्हती.