कोपऱ्यातला गोफर

"हे सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," लिओनेल दुत्रा म्हणाला, "म्हणून सांगतच नाही."

आणि त्यानं सांगायला सुरुवात केली.

ऑगस्टमधला रविवार होता. टेकडीवरच्या त्याच्या परसात जेवणं उरकली होती. मागच्या तारांपलीकडे मोकळं कुरण, वाळून पिवळं पडलेलं, आणि त्यात चार गाई पेंगत उभ्या. ऐकायला त्याची बायको फिलोमेना, समोरच्या घरातला हार्लन आणि लिओनेलची धाकटी बहीण ओडेट. ओडेटचं घर शेजारीच, मध्ये फक्त लाकडी कुंपण. तिचा नवरा अमारो जानेवारीत गेला.

जेवण झाल्यावर लिओनेलनं तिला हाताला धरून परसाच्या खालच्या कोपऱ्यात, अवजारांच्या खोपटामागे नेलं होतं. बाकीचे मागोमाग आले. फिलोमेना तर पाव आणि सुरीसकट.

तिथे डेलिया फुलला होता. काळपट लाल, पाकळ्यांच्या टोकांना पांढरी रेघ.

अमारोचा डेलिया. त्यानं स्वतः बी धरून तयार केलेला. त्याचा कंद त्यानं कधी कुणाला दिला नव्हता, मागणाऱ्याला सरळ फाटक दाखवायचा. टेकडीवर सगळेच कंद जाळीच्या टोपलीत लावतात, नाहीतर गोफर, घुशीसारखा बिळं करणारा प्राणी, जमिनीखालून येतो आणि अख्खं झाड खाली ओढून नेतो. अमारो जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढला. टोपलीचं तोंड तो टेलिफोनच्या निळ्या-पांढऱ्या तारेनं बांधायचा, तीन पिळे देऊन टोक आत खुपसायचा. यंदा ओडेटनं पहिल्यांदाच एकटीनं कंद लावले, टोपल्यांशिवाय. मे महिन्यात गोफरनं सगळे फस्त केले. नवऱ्याच्या हातचं म्हणावं असं परसात काही उरलं नाही.

आणि आता हा, इथे.

"गोफरनं आणला," लिओनेल म्हणाला. "त्याच्या गालांना थैल्या असतात, माहीत आहे ना? तुझ्या वाफ्यातला एक कंद घातला थैलीत आणि निघाला कुंपणाखालून. इथवर पोचला. इथे माझा लसूण. नाकात वास गेला आणि त्याला शिंक आली. शिंकेसरशी कंद बाहेर."

"गोफर शिंकतो?" हार्लननं विचारलं.

"तुझ्यासमोर नाही शिंकणार. त्यालाही काही लाज आहे."

"आणि कंद बरोबर डोळा वर करून पडला?"

"छे, उलटा पडला. आठवडाभर खाली खालीच वाढत होता. मग मी त्याला समजावलं."

ओडेट हसली. जानेवारीनंतर तिचं असं हसणं कुणी ऐकलं नव्हतं. लिओनेल खूश झाला आणि त्यानं शिंक काढूनही दाखवली.

"तो असता तर हे ऐकून चिडला असता," ती डोळे पुसत म्हणाली. "नाही, ऐकलंच नसतं. तुझं त्याचं बोलणं कुठे होतं. सगळं झालं रे त्याचं नीट, तेवढं एक राहून गेलं."

तेवढं एक म्हणजे त्यांचं भांडण. तेही गोफरवरूनच. लिओनेलनं एकदा आपल्या परसातल्या बिळात पाण्याची नळी सोडली. भिजलेला गोफर कुंपणाखालून गेला तो थेट अमारोच्या डेलियात. अमारोनं सगळ्या गल्लीसमोर सांगितलं, या माणसाच्या परसात पाय ठेवणार नाही. लिओनेल म्हणाला, बोलावलंय कुणी?

त्यानंतर वर्षानुवर्षं ओडेट दर रविवारी भावाला निवळवायला गोड पाव पाठवायची. अमारो कुरकुरत तो कुंपणाच्या फळीवर ठेवून यायचा. इकडून फिलोमेना त्याच्यासाठी घरच्या वाइनची बाटली ठेवायची, त्याच फळीवर. पाव संपायचा, बाटली संपायची, पण निवळलं कुणीच नाही. अमारोला त्याच बाजूला आणखी एक काम असायचं. त्याच्या परसाच्या खालच्या कोपऱ्यात, कुंपणालगत, एक फार बेरकी गोफर होता. रोज संध्याकाळी अमारो सापळा बघायला म्हणून जायचा आणि तासभर तिथेच बसायचा. तेवढा एक गोफर त्याला कधी सापडला नाही.

"जाऊ दे ते," लिओनेल म्हणाला. "पानं वाळली की कंद काढून देतो तुला. मी काढीन. तू यात पडू नकोस."

पण ओडेट गुडघे टेकून बसलीही होती. बुंध्याशी माती दाबून बघायची तिला सवयच होती.

"राहू दे ना. हात मळतील."

"माझे हात?" ती म्हणाली, आणि थबकली. बोटाला काहीतरी टोचलं होतं.

तिनं माती बाजूला सारली. खाली जाळी होती, गंजून काळी पडलेली, नख लागलं तरी तुकडा पडेल अशी.

"घ्या," हार्लन म्हणाला. "गोफरनं टोपली पण आणली गालातून."

तो मनापासून हसला. फिलोमेना उभ्यानंच पाव कापू लागली, कुणी मागितला नसताना. लिओनेलला अचानक कुरणातल्या गाई बघाव्याशा वाटल्या.

ओडेटनं टोपलीच्या तोंडावरची माती फुंकली. तार निघाली, निळी-पांढरी, काल बांधल्यासारखी. तिनं पिळ्यांवरून अंगठा फिरवला. तिसऱ्या पिळ्यानंतर टोक आत गेलं होतं. तिनं कुंपणाच्या फळीकडे पाहिलं, हातभर अंतरावर होती. मग भावाकडे पाहिलं.

"लिओनेल," ती म्हणाली, "या कोपऱ्यात गोफर कधी नव्हताच."