नऊ नंबरचं कुलूप

फेरी पुन्हा अडकली. केतकीने कपाळावर हात मारला. दर दहा मिनिटांनी एक फेरी मारून औषधांच्या मागणीची यादी कोठी भागातल्या गोदामाला धाडणारी ती संगणकावरची स्क्रिप्ट जुन्या मशीनवर अकरा वर्षं बिनतक्रार चालली होती. केतकीने नव्या मशीनवर आणली मात्र, आणि पहिल्या फेरीनंतर स्क्रिप्टबाईंनी बसकण मारली. संध्याकाळी पाचपर्यंत चालली नाही, तर नोकरी कायम झाल्याचं पत्र विसरा, असं अनुराधा मॅडमनी सकाळीच सुनावलं होतं.

दुखणं मोठं चमत्कारिक. प्रत्येक फेरी सुरुवातीला नऊ नंबरची फाईल उघडून तिला कुलूप लावी. ते निघेपर्यंत पुढच्या फेरीने थांबायचं. पहिली फेरी तर केव्हाच संपली होती, कुलूप मात्र लागलेलंच!

"तुम्ही बदललं काय, ताई?" शेजारच्या शिवराजने विचारलं.

"काही नाही रे. स्क्रिप्ट चालवणारं ते जुनं केशेल नव्या मशीनवर नाही, म्हणून पहिल्या ओळीत त्याच्या जागी त्याचं भावंड बॅश लिहिलं. बास."

"मग कायकू टेन्शन घेता? भूत असेल."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "केतकी, बेगम बाजारातून पाच किलो मिरच्या घेऊन दाराबाहेर उभा आहे. माझी किल्ली तुझ्या पर्समध्ये राहिली का?"

केतकीने पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला. किल्ली खणखणली. हरवायला नको म्हणून कौस्तुभ रोज रात्री आपली किल्ली तिच्या पर्समध्ये टाकायचा आणि सकाळी काढून घ्यायचा. आज त्याने काढायच्या आतच ती पर्स उचलून निघाली आणि दोन्ही किल्ल्या घेऊन आली. तिला पत्ताही नव्हता.

पत्ताही नव्हता! ती खुर्चीतून उडालीच.

"कौस्तुभ, तू ग्रेट आहेस!" ती ओरडली आणि फोन ठेवला. "शिवराज, भूत नाही रे, पोर आहे! पहिली फेरी जाता जाता एक छोटा प्रोग्राम सुरू करून जाते ना? तो दिवसभर चालतो. केशेल आपल्या पोराच्या हाती असल्या उघड्या फायली देत नाही. बॅश सगळ्या देतं! तोच बसलाय कुलूप धरून, आणि त्या बिचाऱ्याला माहीतही नाही!"

तिने ते पोर बंद केलं आणि त्याला सुरू करणाऱ्या ओळीच्या शेवटी चार चिन्हं टाकली, म्हणजे संगणकाच्या भाषेत: पोरा, जाताना नऊ नंबर इथेच सोड. पहिली फेरी नव्याने सोडली. दुसरी फेरी सुटली. तिसरी सुटली. चौथीला शिवराज टेबल बडवू लागला, पाचवीला केतकीने चक्क फुगडीसाठी त्याचे हात धरले. पाचला पत्र मिळालं. कॅन्टीनमधून चहा आणि उस्मानिया बिस्किटं आली, आणि अख्ख्या मजल्याला तिने किल्लीची गोष्ट तीनदा रंगवून सांगितली. आनंद पोटात मावेना.

साडेपाचला फोन वाजला.

"केतकी," कौस्तुभ शांतपणे म्हणाला, "मी ग्रेट आहे, हे कळलं. आता दार कोण उघडणार?"