शेजारची सिरीज

बायको गेल्यापासून टीव्ही दुरुस्त करणाऱ्या भाऊंना घर खायला उठायचं. शेजारून मात्र रोज संध्याकाळी आदळआपट आणि बाईच्या किंकाळ्या ऐकू यायच्या.

"कोणती सिरीज लावता हो? मलाही नाव सांगा, वेळ जाईल," त्यांनी जिन्यात शेजाऱ्याला विचारलं.

"मारधाडीची आहे, भाऊ. तुम्हाला झेपायची नाही," तो हसला.

रविवारी शेजारीण तोंडाला रुमाल बांधून टीव्ही घेऊन आली. भाऊंनी मागचं झाकण उघडलं. आतला बोर्ड जळून काळा पडला होता, त्यावर धुळीचा थर.

"वहिनी, हा तर कित्येक महिने बंद असणार! मग रोज बघता काय?"

तिने रुमाल सोडला. समोरचे दोन दात पडले होते, ओठातून रक्त येत होतं.


"दुरुस्त नका करू, भाऊ. टीव्हीच्या निमित्ताने घराबाहेर पडता आलं, आता मला परत पाठवू नका."