करंगळीचा टेकू
तिशीच्या आतच त्या न्हाव्याच्या उजव्या डोळ्यातली धमनी गुठळीने बंद झाली. "ही नजर परतणार नाही, पण डावा डोळा ठणठणीत आहे," डॉक्टरांनी सांगितलं. एका डोळ्याने अंतर कळेना. ओतलेलं पाणी पेल्याबाहेर सांडायचं. पुन्हा वस्तरा धरता येईल? महिन्याभराने दुकान उघडलं, तेव्हा खुर्चीत पहिले बसले ते बाबा. त्यांचीही हयात याच धंद्यात गेलेली. दुसरा कुणी दाढी करत असला, की चुका शोधायला ते आरशात टक लावून बसत. "नाक एकच आहे हं, तेवढं सांभाळ," ते म्हणाले. त्याने आधी करंगळी त्यांच्या गालावर टेकवली. डोळ्याला न कळलेलं अंतर बोटाला कळलं. मग वस्तरा अलगद फिरू लागला. हनुवटीपाशी तो थबकला. आरशात बाबांचे डोळे मिटलेले होते. "बाबा, घोरू नका," तो हसला. "गाल हलतोय."