पहिलं की दुसरं

"आई, रिमोट चालत नाहीये," अनीश बाहेरून ओरडला.

लीनाताई पोळ्या लाटत होत्या. नवऱ्याचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, तरी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. रडायला आत काहीतरी हलावं लागतं. इथे सगळं ठप्प. गाण्याचं ते यंत्र तेवढं आज मुलाबरोबर पुण्याला जाणार होतं. ब्याद जाईल एकदाची!

ब्यादच ती. शामकांतराव दूध संघातून निवृत्त झाले आणि इंटरनेटवरून गाणी वाजवणाऱ्या या यंत्राच्या नादी लागले. दर रविवारी हायवेच्या ट्रकचा आवाज नको म्हणून खिडक्या बंद. लीनाताईंनी हातातलं काम टाकून स्टुलावर बसायचं, यंत्राकडे पाठ करून. मग तेच गाणं दोनदा. एकदा आहे तसं, एकदा अपसॅम्पलिंग लावून. "अगं, पीठ वस्त्रगाळ करावं ना, तसा आवाज बारीक होतो," ते समजवायचे. मधे रिमोटचं बटण दाबून ते बदलायचे आणि शेवटी विचारायचे, "पहिलं की दुसरं?"

लीनाताईंना कप्पाळ फरक कळत नसे. गॅसवर आमटी. तोंडाला येईल ते ठोकून द्यायच्या. "दुसरं." स्वारी खूश! "बघ, कान तयार झाला तुझा." मग ते गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं, तेव्हा अकोल्याच्या घरात काय गंमत झाली, अशा गोष्टी निघायच्या आणि आमटी आटायची. एरवी आठवडाभर हा माणूस घरात तोंड उघडेल तर शपथ. भोळ्या माणसाला आपण फसवलं, एवढंच आता टोचत होतं.

"यात एकच सेल आहे गं. दुसरा कुठे गेला?"

"घड्याळातला काढ."

अनीशने आत येऊन ओट्यावरचं घड्याळ उतरवलं. सेल काढून रिमोटमधल्या सेलशेजारी धरला. दोन्ही सारखेच, जांभळे, परदेशी. यंत्राबरोबर आलेली जोडी.

लीनाताईंचं लाटणं थांबलं. मागल्या दिवाळीत घड्याळ बंद पडलं, तेव्हा "सापडला गं एक" म्हणत तो सेल शामकांतरावांनीच घातला होता.

"रिमोट नसला तर ते अपसॅम्पलिंग बदलतं का रे?"

"नाही. फोनवरून फक्त गाणं लागतं."

"मग दिवाळीपासून दोन्ही वेळा..."

"एकच वाजत असणार. पण बाबांना कळलं नसेल? यंत्रावरचा आकडा बदलला नाही तर समोर दिसतं की."

न कळायला ते काय दूधखुळे होते? नवा सेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. तो त्यांनी आणला नाही, आणि रविवारही एक चुकवला नाही.

लीनाताईंनी गॅस बंद केला. अनीशच्या हातातून सेल घेऊन घड्याळात परत घातला. बाहेर येऊन खिडक्या लावल्या आणि यंत्राकडे पाठ करून स्टुलावर बसल्या.

"यंत्र नको नेऊस. त्यांचं एखादं गाणं लाव. रिमोट घे हातात."

"अगं, पण त्यात सेल..."

"असू दे. दाब आणि विचार."

गाणं एकदा वाजलं. अनीशने बटण दाबलं. गाणं पुन्हा वाजलं. लीनाताईंच्या डोळ्यांना धार लागली होती.

"पहिलं की दुसरं?" त्याने विचारलं.

"नाही रे कळलं," त्या म्हणाल्या. "परत लाव."