ओल पिणारी भिंत

चिऱ्याच्या जुन्या घराला आतून ओल पिऊन जगणारा एक जिवंत थर लावला आणि भिंतींतली ओल गेली. आबा परबांच्या नातीचा, उर्वीचा, दमाही थांबला. पण गणपतीमागच्या भिंतीवर आबांनी आदल्या दिवशी काढलेला मोर सकाळपर्यंत थराने पिऊन टाकला होता, रंगासकट.

मूर्ती मात्र आणून ठेवली होती; पूजा तेवढी व्हायची होती.

"पुन्हा काढतो," आबा म्हणाले.

"काढा. न्याहारी होईल त्याची," सून म्हणाली. "छापील पडदा लावू या, आबा."

"हाताच्या चित्राशिवाय या घरात गणपती बसलेला नाही."

"मग थर खरवडू? पोर परत धापा टाकू दे?"

आबांनी चिडून पाण्यातला कुंचला भिंतीवर झटकला. थेंब पडले तिथे थर काळा पडला आणि हळूहळू पुन्हा पांढरा झाला.

ते बघत राहिले. मग त्यांनी रंगाच्या वाट्या बाजूला सारल्या आणि नुसत्या पाण्याने मोर काढला.

आरती सुरू झाली.

"आबा, मान पुसत चालली!" उर्वी ओरडली.

आबांनी मान पुन्हा काढली, तोवर पिसारा विरायला लागला. आरती संपेपर्यंत ते काढतच राहिले, आणि देवाकडे पाठ केली म्हणून त्यांना कुणी बोललं नाही.