विरळ होत गेलेल्या टाळ्या

हे गेल्यापासून मी रोज दुपारी त्यांची एक जॅझची रेकॉर्ड लावते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ती भरलेल्या क्लबात ध्वनिमुद्रित केलेली आहे. ग्लास किणकिणतात, कुणीतरी खोकतं, पियानो थांबला की टाळ्यांचा कडकडाट होतो. तेवढीच घरात माणसांची जाग.

अलीकडे त्या टाळ्या विरळ व्हायला लागल्या. नणंदेला फोनवर सांगितलं, तर ती हसली.

"अहो वहिनी, रेकॉर्ड झिजली असेल."

"मग पियानो बरा झिजत नाही!"

गेल्या आठवड्यात तो खोकणारा गेला. काल कुणीतरी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या, आणि मागोमाग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आज पियानो थांबला आणि कुणीच टाळी वाजवली नाही. तबकडी फिरत राहिली. वाजवणारा वाट बघत होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मला कसंसंच झालं. बिचाऱ्यासाठी मीच टाळ्या वाजवल्या.

स्टूल करकरलं. मग तो परका माणूस माझ्या भाषेत, अगदी हळू आवाजात म्हणाला,

"आता घरात तुम्ही एकट्याच ना?"